बंद पडलेल्या साप्ताहिकाचा इतिहास लिहायचाय? मग सुरुवात शेवटच्या ओळीपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या शहरात साठेक वर्षं चाललेलं एक साप्ताहिक बंद पडलंय. संस्थापकांच्या घरी माळ्यावर काही बांधीव खंड आहेत, मधल्या कितीतरी वर्षांचे अंक नाहीत. घरच्या मंडळींना स्मरणिका हवी आहे आणि तुम्हाला इतिहास लिहायचाय. कुठून सुरुवात करावी, काय शोधावं?

मी जिल्हा वृत्तपत्रांतच आयुष्य काढलं. प्रूफं वाचण्यापासून ते जाहिरातीची वसुली करण्यापर्यंत सगळं केलं. निवृत्तीनंतर जुन्या अंकांच्या याद्या करून देतो. त्या जोरावर सांगतो.

आधी स्मरणिकेचं. स्मरणिकेत संस्थापक 'पत्रकारिता हे व्रत मानणारे' असतात, अंक 'पदरमोड करून' निघालेला असतो आणि शेवटी मंत्रिमहोदयांच्या शुभेच्छा असतात. ती त्यांना खुशाल काढू द्या. पण पदरमोड कुणी केली, कितीची आणि कुणाच्या पदराची, हे तिथे येत नाही. माझ्या मते गावच्या पत्राचा इतिहास म्हणजे त्याचा संसार कसा चालला याची हकिकत. कागद कुणी उधार दिला, छापखाना कुणाचा होता, वर्गणी कोण बुडवायचं, नोटीस कुणाची यायची. अग्रलेख वाचायचे, पण अगदी शेवटी. सगळे अग्रलेखापासून सुरुवात करतात आणि म्हणून सगळे इतिहास एकसारखेच होतात.

तर पहिला खंड उघडा आणि प्रत्येक अंकाचं शेवटचं पान खालून वाचा. 'हे पत्र मालकांकरिता अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पेठेत प्रसिद्ध केले.' ही ओळ शोभेची नव्हे. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं बंधनकारक केलं, आणि मुद्रक-प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन डिक्लरेशन द्यावं लागे. जवळजवळ तोच कायदा २०२४ च्या मार्चपर्यंत चालू होता, तेव्हा तुमच्या साप्ताहिकाचा सगळा जन्म त्याच्याच छत्राखाली गेलेला असणार. एका वहीत तारीखवार ही ओळ उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण यासारखं फळ देणारं दुसरं नाही. मुद्रक बदलला की समजा काहीतरी बिनसलं: उधारी थकली, भागीदार वेगळा झाला किंवा छापखानेवाल्याला कुणीतरी दम दिला. मालकाच्या जागी अचानक पत्नीचं नाव आलं, तर संस्थापक सरकारी किंवा संस्थेच्या नोकरीत लागले का ते बघा. पेठ बदलली तर जुन्या जागेचा भाडेकरूचा दावा कोर्टात सापडतो.

एक सावधगिरी. संपादकाचं नाव अंकावर छापलंच पाहिजे हे १९२२ च्या दुरुस्तीनंतरचं. त्याआधीच्या अंकात संपादकाचं नाव नसेल तर लिखाण संस्थापकांचंच, असं गृहीत धरू नका. गावातले वकील, हायस्कुलातले मास्तर, एखादा पेन्शनर मामलेदार असे लोक निनावी लिहीत असत, आणि नोकरीमुळे त्यांना ते निनावीच हवं असे.

अंक सलग तीन-चार आठवडे नाही आणि मग नव्या छापखान्याच्या नावाने उगवला, असं स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात दिसलं तर जामीनकीचा, म्हणजे सरकारने तारण म्हणून मागितलेल्या रकमेचा, शोध घ्या. १९१० च्या प्रेस ॲक्टखाली नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये जामीन मागता येत असे. मुंबईच्या मोठ्या छापखान्याला ती रक्कम जड नसेल, पण जिल्ह्याच्या गावी एका ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छोट्या छपाईयंत्रावर) लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून साप्ताहिक काढणाऱ्याचं तेवढ्यात कंबरडं मोडे. तो कायदा १९२२ ला गेला. पुढे १९३० च्या सत्याग्रहात जामीनकी वटहुकुमाने परत आली आणि १९३१ ला तिचा नवा कायदा झाला.

सोलापूरचं उदाहरण घ्या. मे १९३० मध्ये तिथे लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत होता. त्यात 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. पुढच्या जानेवारीत येरवड्याला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. आता असा काळ ज्या शहराने पाहिला, तिथल्या पत्राचा नुसता खंड वाचून काय कळणार? जे छापता आलं नाही तेच तर महत्त्वाचं. ते सापडतं ते सरकारी दप्तरात, मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या गृह खात्याच्या 'स्पेशल' फायलींत. गंमत अशी की गावच्या पत्राची सगळ्यांत काळजीपूर्वक दखल ज्याने घेतली तो वाचक म्हणजे ब्रिटिश सरकार. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या, म्हणजे सरकारी भाषांतरकाराच्या, कचेरीतून देशी वृत्तपत्रांवर दर आठवड्याला गोपनीय अहवाल निघे. त्यात कुठल्या पत्राने काय लिहिलं याचा इंग्रजी सारांश असे, आणि यादीत पत्राचं नाव, गाव, संपादकाचं नाव, त्याची जात, वय आणि खप. जात आणि वय हे मुद्दाम वाचा. सरकारला लेखणीमागचा माणूस ओळखायचा होता. खपाचे आकडे बहुधा संपादकानेच सांगितलेले असतात, तेव्हा त्यांना तोंडचे आकडेच माना. पण अंक हरवलेल्या वर्षांसाठी याच्याइतकं दुसरं साधन नाही. तुमचं शहर वऱ्हाडात असेल तर मध्यप्रांताचं दप्तर बघावं लागेल. संस्थानातलं असेल तर संस्थानाचं दप्तर आणि शिवाय शेजारच्या इंग्रजी मुलखातली पत्रंही. दरबारावर लिहायचं ते बाहेरूनच लिहिलं जाई. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांबद्दलचा मजकूर पुण्याच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने छापला आणि त्यापायी १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली आपल्या कामाची गोष्ट एवढीच की कोल्हापूरची बातमी शोधायला पुण्याला जावं लागतं.

आता खुद्द अंकाकडे वळू. चार पानी साप्ताहिक म्हणजे एकच मोठा कागद, मध्ये दुमडलेला. एका बाजूला पान १ आणि ४, दुसऱ्या बाजूला २ आणि ३. लहान छापखान्यात चारही पानं एकदम जुळवता येतील एवढे खिळेच (शिशाचे टाइप) नसत. म्हणून आधी एक बाजू जुळवायची, छापायची, मग तेच खिळे सोडून परत खान्यांत टाकायचे आणि त्यांतूनच दुसरी बाजू जुळवायची. याचा अर्थ असा की एका अंकाच्या दोन बाजूंमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर असू शकतं. ताजी बातमी पहिल्या पानावरच असेल असं समजू नका. पहिल्या पानावर जाहिराती आणि क्रमशः कादंबरी, आणि आत परवाच्या म्युनिसिपालिटीच्या सभेतली हमरीतुमरी, असं सर्रास दिसतं. प्रत्येक मजकुरातली तारीख बघा, कुठली बाजू आधी छापली ते लगेच कळेल.

खिळे स्वतः बोलतात. देवनागरीला मात्रा, रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरं एवढी लागतात की इंग्रजीच्या केसच्या (खिळे ठेवायच्या पेटीच्या) तिप्पट-चौपट खाने भरतात. टाइप झिजला की पहिल्यांदा रफार आणि मात्रा तुटतात. एका खंडात 'सर्व'चं 'सव' आणि 'कर्ज'चं 'कज' वारंवार होऊ लागलं, तर कंपोझिटरला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याला, शिव्या घालू नका. मालकाने कैक वर्षं नवा टाइप घेतलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग एके दिवशी अक्षर लख्ख होतं. त्या महिन्यात पैसा कुठून आला ते शोधा. मी एका शहराच्या पत्रात हे बघितलं होतं: टाइप नवा झाला त्याच अंकापासून सहकारी बँकेची अर्ध्या पानाची जाहिरात दर आठवड्याला सुरू, आणि त्या बँकेच्या निवडणुकीबद्दल पत्र पुढची कितीतरी वर्षं गप्प. अग्रलेखात हे कुठे लिहिलेलं असणार?

म्हणून जाहिराती. खंडातलं सगळ्यांत प्रामाणिक पान तेच. कोर्टाच्या लिलावाच्या नोटिसा, वकिलांच्या जाहीर नोटिसा ('सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांचे आत कळवावे'), नगरपालिकेची टेंडरं, साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. गावच्या पत्राची चूल यावर पेटते, खपावर नाही. वर्गणीचं उत्पन्न मनोरथापुरतं. जुन्या अंकांत दर दोन-तीन महिन्यांनी चौकट दिसेल: 'ज्यांची वर्गणी संपली आहे त्यांनी मनिऑर्डरने पाठवावी, अन्यथा व्ही.पी. करण्यात येईल' (म्हणजे पोस्टमन पैसे घेऊनच अंक देईल). त्या चौकटीचा सूर वर्षागणिक कसा बदलतो ते बघत जा. आधी विनंती असते, मग आर्जव, आणि शेवटी बुडव्यांची नावं छापण्याची धमकी.

आणि घरातल्या मंडळींना वह्या मागा. बातमीदारीच्या आठवणी नंतर, आधी रोजमेळ, खतावणी आणि वर्गणीदारांची वही. वर्गणीदारांची वही हाती लागली तर तुमचं निम्मं काम झालं. तीत गाव आणि टपाल कचेरी लिहिलेली असते. नकाशावर ती गावं मांडा. पत्र 'जिल्ह्याचं' म्हणवत होतं, पण प्रत्यक्षात एका नदीकाठच्या बागायती पट्ट्यात आणि मुंबईच्या गिरणगावातल्या चाकरमान्यांत वाचलं जात होतं, असं काहीसं निघेल. बातम्यांची निवड मग आपोआप उलगडते. टपालाच्या दिवशी अंकाच्या घड्या कोण घालायचं, खळ कोण शिजवायचं, पत्त्यांच्या चिठ्ठ्या आणि तिकिटं कोण चिकटवायचं, हेही विचारा. उत्तर बहुतेक घरांत एकच येतं: घरातल्या बायका आणि शाळेतली पोरं. शेवटच्या ओळीत त्यांचं नाव कधीच आलेलं नाही. तुमच्या पुस्तकात ते यावं.

नावांबाबत दोन सापळे. पहिला: नाव एक असलं म्हणजे पत्र एकच, असं नाही. 'लोकमत' लोकनायक बापूजी अण्यांनी यवतमाळात १९१८ साली काढलं. ते पुढे बंद पडलं. मग १९५० च्या दशकात जवाहरलाल दर्डांनी यवतमाळातच त्या नावाने साप्ताहिक पुन्हा सुरू केलं आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरात दैनिक झालं. जिल्ह्याच्या गावातलं एक नाव, मध्ये मोठा खंड, मालक वेगळे, काळ वेगळा. अशा ठिकाणी इतिहासकाराने धागा कुठे तुटला आणि कुणी जोडला हे स्पष्ट लिहायचं असतं. तुमच्या साप्ताहिकाच्या 'वर्ष अमुक, अंक अमुक' या आकड्यांवरही आंधळा विश्वास नको. बंद पडलेली वर्षं काही संपादक मोजतात, काही सोडतात, काहींच्या कंपोझिटरने मागच्या अंकाचाच आकडा ठेवलेला असतो. दुसरा सापळा: नाव सारखं म्हणून घराणं एक नव्हे. रत्नागिरीहून 'सत्यशोधक' नावाचं साप्ताहिक निघे, त्याचा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी संबंध नव्हता.

उलट जिथे घराणं खरंच एक आहे तिथे त्याची मुळं खणून काढा. 'दीनमित्र'चं सांगतो, कारण माझ्या मते लहान ठिकाणच्या मराठी पत्राचा याहून विलक्षण नमुना नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्याला 'दीनबंधू' काढला, सत्यशोधक चळवळीचं पहिलं पत्र. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव नगर जिल्ह्यातल्या तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. त्या घरात गणपतराव पाटलांनी आधी 'दीनमित्र' याच नावाचं मासिक चालवलं होतं. मुकुंदरावांनी १९१० मध्ये सोमठाणे या खेड्यातून 'दीनमित्र' साप्ताहिक रूपात सुरू केलं, मग तरवडीला आणलं आणि १९६७ मध्ये मरेपर्यंत चालवलं. सत्तावन्न वर्षं! शहर सोडा, तालुक्याचं ठिकाणही नव्हे. कागदाच्या रिमा तिथवर कशा यायच्या, पावसाळ्यात टपाल कसं जायचं, कंपोझिटर खेड्यात टिकवायचा कसा, शेतीच्या उत्पन्नातून छपाईचं देणं किती भागायचं, हे प्रश्न विचारल्याशिवाय 'ब्राह्मणेतर चळवळीचे मुखपत्र' असं लिहून मोकळं होणं म्हणजे निम्मी हकिकत सोडून देणं. पाटलांच्या लेखणीला धार होतीच. पण ती धार दर आठवड्याला, खेड्यातून, अर्धं शतक छापून बाहेर पडत राहिली, यातलं कर्तृत्व वेगळंच आहे.

अलिबागच्या 'कृषीवल'कडेही याच नजरेने बघावं. १९३७ ला तो निघाला तेव्हा चरीचा शेतकऱ्यांचा संप चालू होता आणि नारायण नागू पाटील त्याचे नेते. चळवळीचं पत्र म्हटलं की वर्गणीदार आणि कार्यकर्ता एकच असतो, आणि वसुलीचे नियम बदलतात. सीमेवरच्या शहराचं आणखी वेगळं. बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये बेळगावात 'तरुण भारत' काढला तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १९५६ च्या नोव्हेंबरात ते म्हैसूर राज्यात गेलं. अशा गावी सरकारी नोटीस कुठल्या भाषेत आणि कुठल्या पत्राला मिळते, हा प्रश्न अग्रलेखाइतकाच राजकीय असतो.

स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी दप्तर सोपं आहे. १९५६ पासून वृत्तपत्र निबंधकांची नोंद मिळते, जिल्हाधिकारी कचेरीत डिक्लरेशनं असतात, माहिती खात्याच्या यादीत जाहिरातीसाठीचा वर्ग असतो. माणसंही भेटतात. पण संपादकाच्या मुलाला भेटण्याआधी जुन्या एजंटाला भेटा. एसटीच्या पहिल्या गाडीच्या टपावर गठ्ठे कोण टाकायचं, कुठल्या गावचा गठ्ठा कधी परत आला, निवडणुकीत कुणी सगळे अंक एकरकमी विकत घेऊन जाळले, हे त्याला पाठ असतं. म्हाताऱ्या उपसंपादकाला आकाशवाणीबद्दल विचारा. टेलिप्रिंटर (तारेने आलेली बातमी छापून देणारं यंत्र) न परवडणाऱ्या पत्रांसाठी संथ गतीची बातमीपत्रं लागत. निवेदक एकेक वाक्य सावकाश वाचायचा आणि आम्ही कानाला रेडिओ लावून उतरवून घ्यायचो. दिल्लीची बातमी गावच्या पत्रात यायची ती अशी.

बंद पडण्याचं कारण म्हणून सगळे 'मोठ्या दैनिकांच्या आवृत्त्या' सांगतील. ते खरंच आहे. 'लोकमत' १९७७ ला जळगावात आणि १९८२ ला औरंगाबादेत, 'सकाळ' १९८० ला कोल्हापुरात, आणि मग जिल्ह्याजिल्ह्याची स्वतंत्र पानं. आमंत्रण मूल्य (सुरुवातीची नाममात्र किंमत), कूपनं चिकटवून मिळणारी भांडी, रंगीत पुरवण्या, यापुढे गावचं साप्ताहिक टिकणं कठीणच. तरी तुमच्या शहरात घाव नेमका कुठे बसला ते पाहा. मला वाटतं बहुतेक ठिकाणी वाचक नंतर गेला, नोटीस आधी गेली. वकिलाने जाहीर नोटीस मोठ्या दैनिकाच्या जिल्हा पानात द्यायला सुरुवात केली, त्या दिवशी साप्ताहिकाचं पान मोकळं झालं. तुमच्या वहीत जाहिरातींची मोजणी असेल तर ते वर्ष तुम्हाला बोट ठेवून दाखवता येईल.

अप्रिय भागही लिहा. गावच्या पत्राने धाक दाखवून जाहिराती घेतल्या असतील, एखाद्या शिक्षिकेची किंवा विधवेची अब्रू 'ऐकिवात आहे' म्हणत वेशीवर टांगली असेल, दलित वस्तीच्या बातम्या वर्षानुवर्षं छापल्याच नसतील. अब्रुनुकसानीच्या दाव्यांची कागदपत्रं जिल्हा न्यायालयात मिळतात. ज्यांच्यावर लिहिलं गेलं त्यांच्या घरचे अजून त्याच गल्लीत राहतात, तेव्हा नावं गाळून प्रसंग लिहिता येतो. घरच्यांना हा भाग आवडणार नाही. त्यांच्याकडून खंड घेण्याआधीच हे बोलून घ्या, नंतर नको.

शेवटचा, अगदी व्यवहाराचा भाग. आधी हाताळा १९४० ते ७० चे खंड, कारण त्या काळचा न्यूजप्रिंट सगळ्यांत लवकर पिवळा पडून तुटतो. त्याहून जुना चिंध्यांचा कागद पुष्कळदा सुस्थितीत असतो. बांधणी उसवून सपाट स्कॅनरवर दाबू नका, वरून फोटो घ्या, दिव्याची तिरीप पानावर येऊ देऊ नका. गहाळ अंकांसाठी तुमच्या नगर वाचनालयाच्या कपाटांत बघाच. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. अशा संस्थांत गावच्या पत्राची प्रत विनामूल्य यायची आणि कुणीतरी ग्रंथपाल ती बांधून ठेवायचा. आणि सगळ्यांत घाई कशाची असेल तर १९९० नंतरच्या अंकांची. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर अनेकांनी खंड बांधणं सोडलं, 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणून. ते आहे फ्लॉपीवर आणि सीडीवर, श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये, पेजमेकरच्या फायलींत. आज ती फाइल उघडली तर स्क्रीनवर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. गावात जुना डीटीपी ऑपरेटर असेल, त्याच्याकडे ते फाँट आणि चालू अवस्थेतला एखादा जुना संगणक असेल, तर खंडांच्या फोटोंना हात लावण्याआधी त्याच्याकडे जा. फायली उघडून पीडीएफ करून घ्या. फाँट बदलून युनिकोड करण्याचं काम नंतर कधीही करता येईल.